चाळीस सेकंदांचा विलाप

लातूरच्या ट्यूशन एरियात ताहेरचं कॅसेटचं दुकान होतं. होतं म्हणजे पाटी तरी तशी होती. दोन हजार तीन साल उजाडेपर्यंत अर्ध्या दुकानात झेरॉक्सचं मशीन येऊन बसलं होतं, कारण गल्लीत राहणाऱ्या पोरापोरींना गाण्यांपेक्षा फिजिक्सच्या नोट्स जास्त लागत. तरीही ताहेरनं एक फळी कुणाला हलवू दिली नव्हती. त्या फळीवर फक्त ‘पत्थरफोड’च्या कॅसेटी होत्या.

‘पत्थरफोड’ हा नांदेडचा रॉक बँड. चार पोरांनी ब्याऐंशी साली सुरू केलेला, विजेच्या गिटारींवर दख्खनी आणि मराठी गाणारा. वीस वर्षांत त्यांच्या चार कॅसेटी आल्या होत्या. पुण्या-मुंबईला त्यांना कुणी ओळखत नसेल, पण भोकरपासून उदगीरपर्यंत त्यांच्यापायी भाऊ भावाशी भांडलेला होता. दर रविवारी दुपारी ताहेरच्या दुकानात तेच चालायचं. सगळ्यात भारी कॅसेट कोणती?

वैजनाथ सर म्हणायचे, पहिली. ‘गिट्टी’. सर मूळचे भोकरकडचे, शेतकरी घरातले. एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे आणि वादही फळ्यावर गणित सोडवल्यासारखा घालायचे. पुनम नावाची मेडिकलची तयारी करणारी पोरगी चौथ्या कॅसेटीच्या बाजूनं बोलायची. त्या कॅसेटीचं नावच ‘रिपीटर’ होतं, आणि पुनम स्वतः दुसऱ्यांदा परीक्षेला बसली होती. ताहेर मात्र तिसरीवरून तसूभर हलत नसे. ‘तीस तारीख’. त्र्याण्णवच्या तीस सप्टेंबरच्या भूकंपानंतर आठ महिन्यांनी आलेली.

तिच्या बी बाजूचं पहिलं गाणं ‘ढिगारा’. गाण्याआधी चाळीस सेकंद एका बाईचा घोगरा आवाज येतो. कानडीत काहीतरी म्हणते, परत परत तेच, आणि मग एकदम ड्रम. स्टुडिओत त्या आवाजाला घुमारा दिलेला, त्यामुळं शब्द एकात एक मिसळलेले. ज्यांना कानडी यायची ते असली गाणी ऐकत नव्हते, आणि जे ऐकत होते त्यांना कानडी येत नव्हती. सगळे त्याला ‘विलाप’ म्हणायचे.

“नाटक हाय सगळं,” त्या रविवारी वैजनाथ सर म्हणाले. “कुण्या नाटकातल्या बाईला पन्नास रुपये देऊन रडायला लावलं आसंल. ‘गिट्टी’त असलं काय लागत न्हाई. निस्ती गिटार बोलते.”

ताहेरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सर, तोंड सांभाळून बोला. एक ऑक्टोबरला मी तिथं व्हतो. मोहल्ल्यातून पाव आन औषधं घेऊन टेंपोनं गेलतो. असा आवाज पैसे देऊन निघत न्हाई. माझ्या कानानं ऐकलंय मी.”

“मग काय म्हणती ती? सांगा की अर्थ.”

“अर्थ कशाला पायजे? काळजाला भिडलं की झालं.”

ह्या भांडणाला त्या महिन्यात जास्तच धार आली होती. बँडला वीस वर्षं झाली म्हणून नांदेडला मोठा कार्यक्रम ठरला होता. गाण्यांच्या आधी चाहत्यांनी स्टेजवर येऊन आपापल्या कॅसेटीची बाजू मांडायची, प्रेक्षकांनी चिठ्ठ्या टाकायच्या, आणि जी जिंकेल तिची सीडी निघणार. ‘गिट्टी’साठी वैजनाथ सरांची निवड झाली होती आणि ‘तीस तारीख’साठी ताहेरची. ताहेरनं भाषणाची आठ पानं लिहिली होती.

सर तणतणत निघून गेले. पुनमही तिच्या टेस्टला गेली. ताहेरनं रागारागात कॅसेट उलटी केली आणि आवाज वाढवून तोच विलाप लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

बाहेर पायरीवर जगदेवी उभी होती. ती गल्लीत तिच्या मावशीच्या खानावळीचे डबे पोचवायची. ताहेरची बायको बुशरा बाळंतपणाला माहेरी गेल्यापासून त्याचाही डबा तिथूनच येई. एकविशीची, फारसं न बोलणारी पोरगी. एरवी डबा काउंटरवर ठेवून निघून जायची. आज ती आत आली आणि स्पीकरसमोर उभी राहिली. हातातला डबा तिनं खाली ठेवलाच नाही.

“हे पुन्यांदा लावा,” ती म्हणाली.

ताहेर खूश झाला. अजून एक मत मिळालं, असं त्याच्या मनात आलं. “भिडतं की न्हाई? विलाप हाय तो. भूकंपातला.”

“विलाप न्हाई. लावा तुमी.”

त्यानं लावलं. जगदेवी डोळे मिटून ऐकत होती. तिचे ओठ त्या आवाजाबरोबर हलत होते. ड्रम सुरू झाला तसा त्यानं टेप बंद केला.

“माझी अव्वा, माझी आई हाय ती,” जगदेवी म्हणाली. “कमलम्मा. मी बाजूलाच व्हते. अकरा वर्साची. आमचं घर पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. कुणीतरी गळ्यात मशीन घालून आलं आन तिच्या तोंडाम्होरं नळी धरली. तिला वाटलं, सरकारी माणूस हाय.”

“काय म्हणती ती?”

“‘अद केळग इडरी, कल्ल एत्री.’ ते खाली ठेवा, दगड उचला. ‘नन्न मग वळग अदान.’ माझं लेकरू आत हाय.” जगदेवीनं डबा अखेर काउंटरवर ठेवला. “रडत न्हवती ती. त्यांना इनंती करून राहिली व्हती. बघा की, ‘री’ लावून बोलती. मानानं.”

दहा वर्षं. किती वेळा ऐकलं असेल? सकाळी दुकान उघडताना, भांडणात हुकमाच्या पानासारखं, नव्या गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून. लग्नानंतर बुशरालासुद्धा त्यानं हौसेनं ऐकवलं होतं. एक बाई दगड उचला म्हणत होती आणि तो मान डोलवत होता.

“लेकरू?” त्यानं विचारलं.

“माझा भाऊ. सिद्धराम. सहा वर्साचा.” ती पुढं म्हणाली, “न्हाई निघाला. तिसऱ्या दिवशी काढला. पन ह्याच्या मागं अजून आसंल का हो टेप? अव्वा म्हणती की त्यानं आतून हाक दिली व्हती. मला बी आल्ती ऐकू. गाव म्हणतं अव्वाला भास झाला. आज बी तिला भरमिष्ट म्हणत्यात. म्हणून ती कुणाच्या लग्नाकार्याला जात न्हाई.”

ताहेर उठला. लिहिलेली आठ पानं त्यानं फाडली आणि झेरॉक्सच्या रद्दीत टाकली. “तू चल नांदेडला,” तो म्हणाला. “आवाज टिपणारा बँडचा गायक मुज्तबाच, कॅसेटीवर छापलंय तसं. त्यालाच इचारू आपण.”

नांदेडच्या एसटीत वैजनाथ सरही होते. ताहेरनं त्यांना सगळं सांगितलं. सर जगदेवीकडं वळून म्हणाले, “पन्नास रुपये देऊन रडवलं म्हणलो व्हतो मी. माफ कर माय.” जगदेवीनं नुसती मान हलवली.

हॉल खचाखच भरला होता. मागं उभं राहायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत बँडचा गायक मुज्तबा बसला होता. चाळिशीचा, दाढीत पांढरं मिसळलेलं, डोळ्यावर रंगीत चष्मा. वैजनाथ सरांचं नाव पुकारलं तेव्हा ते स्टेजवर गेले, “मला आज काही बोलायचं न्हाई,” एवढंच म्हणाले आणि उतरले. लोक हसले. मग ताहेर गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण हॉलमध्ये निम्म्याहून जास्त ‘तीस तारीख’वालेच होते.

“ढिगारा तुमी सगळ्यांनी ऐकलंय,” ताहेर म्हणाला. शिट्ट्या झाल्या. “त्यातली बाई काय म्हणती ते ठाऊक हाय का कुणाला?”

“विलाप!” मागून कुणीतरी ओरडलं.

“विलाप न्हाई. ती म्हणती, हातातलं ते खाली ठेवा आन दगड उचला, माझं लेकरू आत हाय. तिची लेक इथं बसलीय. मुज्तबाभाई, दहा वर्सं तुमाला डोक्यावर घेऊन नाचलो मी. मला एकच सांगा. ती दगड उचला म्हणत व्हती तवा तुमच्या हातात काय व्हतं?”

आधी कुजबूज, मग आरडाओरडा. “ए, खाली बस!” “बाजू मांडायला आलाय का इज्जत काढायला?” “ह्याला कुणी बोलावला?” निवेदक धावत आला, “विषयाला धरून बोला, विषयाला धरून,” म्हणत त्यानं माइक काढून घेतला. ताहेर तसाच ओरडून बोलत राहिला, पण त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडं जात नव्हता. दोघा पोरांनी त्याला दंडाला धरून खाली आणलं. कालपर्यंत त्याच्या दुकानातून कॅसेटी नेणारी पोरं होती ती.

खरा संताप पुढंच होता. निवेदकानं घसा साफ केला. “मित्रांनो, आत्ता जे ऐकलं त्यानं अंगावर काटा आला की नाही? एवढं खरं, एवढं अस्सल दुसऱ्या कुठल्या कॅसेटीत आहे?” आणि हॉलनं टाळ्या वाजवल्या! चिठ्ठ्या पडल्या, मोजल्या गेल्या. ‘तीस तारीख’ जिंकली. दुसऱ्या नंबरच्या तिप्पट मतं. ताहेर इतकी वर्षं ज्या निकालासाठी भांडला होता तोच निकाल लागला होता.

“ह्यांना शरम न्हाई का?” तो वैजनाथ सरांना म्हणाला. “सांगितलं तरी टाळ्या वाजवत्यात!”

गाणी सुरू व्हायला अर्धा तास होता. मुज्तबा पहिल्या रांगेतून उठला आणि सरळ जगदेवीपाशी आला. त्यानं चष्मा काढला होता.

“कमलम्माची लेक का तू?” त्यानं विचारलं.

जगदेवी चमकली. ताहेर तर उसळलाच. “नाव ठाऊक व्हतं तुमाला?”

“तिथंच कळलं व्हतं. कॅसेटीवर घातलं न्हाई.” मुज्तबानं मान खाली घातली. “चला. घर जवळ हाय. मूळ टेप ठेवलाय मी.”

त्याचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. त्यानं त्यांना बसवलं, कपाटातून जुनी कॅसेट काढली, पण लावली नाही. हातात धरून बसला.

“कानडी मला येत न्हाई,” तो म्हणाला. “पन तिथं कळायला कानडी कशाला पायजे? ती दगडाकडं बोट दाखवत व्हती. मी खोटं बोलणार न्हाई. माझे हातच हलंनात. मशीन गळ्यात व्हतं, नळी हातात व्हती, आन ती धरून उभा राहिलो की मला काही करायचं न्हाई, आसं वाटायचं. आमच्या ड्रमरनं दगडाला हात घातला. एकटा. त्याच्यानं काय हलणार!”

“दुसरी माणसं कुठं व्हती?” ताहेरनं विचारलं.

“माणिकप्पानं पलीकडच्या घराकडं नेली व्हती,” जगदेवीच बोलली. “गावातला मोठा माणूस. ती म्हणती तसं आत काय जित्तं न्हाई, तिला भरम झालाय, म्हणला. तिकडं आवाज येतोय, तिकडं चला.” तिनं मुज्तबाकडं बघितलं. “लावा तुमी.”

मुज्तबानं टेप लावला. घुमारा नव्हता. कमलम्माचा आवाज स्वच्छ, जवळून आला. दगड उचला. दगड उचला. लांबून ट्रकचा, माणसांचा गलका. चाळीस सेकंदांच्या पुढं ती थांबली. कपडा घासल्यासारखा आवाज झाला, बहुतेक ती खाली वाकली असावी. आणि मग खोल कुठून तरी, अगदी बारीक, पण चूक होणार नाही असं:

“अव्वा.”

एकदाच. जगदेवीनं तोंडावर ओढणी दाबली. वैजनाथ सर उठून दारात जाऊन उभे राहिले.

ताहेर मुज्तबाकडं बघत होता. “तुमाला हे ठाऊक व्हतं.”

“तिथं न्हाई ऐकू आलं. कसम से. स्टुडिओत हेडफोन लावल्यावर आलं. सहा महिन्यांनी.”

“आन मग?”

“मग कापलं. ते ठेवायची हिंमत झाली न्हाई.”

“तेवढी हिंमत झाली न्हाई, आन त्याच्या आधीचं इकायची झाली!” ताहेर ओरडला. “सहा महिन्यांनी का हुईना, गावात जाऊन सांगायचं की तिला! लोक येडी म्हणत व्हते त्या बाईला. दहा वर्सं! अन् तुमी स्टेजवर डोळे मिटून तेच गाणं म्हणून राहिले व्हते.”

मुज्तबानं कॅसेट काढून जगदेवीच्या हातात दिली. “ही तुझी. दुसरी कॉपी न्हाई. सीडी काढू नका म्हणशील तर न्हाई काढणार. माझा शब्द.”

जगदेवीनं कॅसेट ओढणीत गुंडाळली. “सीडीचं अव्वा ठरवंल,” ती म्हणाली. “मी कोण सांगणार? आवाज तिचा हाय.”

पुढच्याच आठवड्यात ताहेर तिला घेऊन गावी गेला. निलंग्याच्या अंगाला, जुन्या गावापासून दोन किलोमीटरवर वसवलेलं नवं गाव. एका साच्यातून काढल्यासारखी घरं, सरळ रस्ते, आणि झाडं अजून लहानच. कमलम्मा ओट्यावर तुरी निवडत बसली होती. जगदेवीनं तिला कानडीत सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “लाव.”

ताहेरनं सोबत आणलेला टेपरेकॉर्डर लावला. आपलाच आवाज ऐकताना तिचा चेहरा हलला नाही. “अव्वा” ही हाक आली तेव्हा तिनं हात वर केला, थांब असा. ताहेरनं बटण दाबलं.

“माणिकप्पाला बोलवा,” ती म्हणाली.

माणिकप्पा आले. सत्तरीचे, पांढरं धोतर, हातात काठी. त्यांना वाटलं काही कागदपत्राचं काम असेल. कमलम्मानं त्यांना समोर बसवलं आणि पाहुण्याला कळावं म्हणून मराठीतच म्हणाली, “ऐका.”

टेप पुन्हा लागला. हाक आली तशी माणिकप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांची बोटं टोपीच्या कडेवरून फिरत राहिली.

“तिकडं दोघं जित्ती निघाली, कमलम्मा,” ते शेवटी म्हणाले. “पार्वतीची लेक आन तिची आजी. आज त्या लेकीला दोन पोरं हाईत.”

“मला ठाऊक हाय. तिकडं जाऊ नका, आसं मी कवा म्हणलं? इकडं दोन माणसं ठेवा म्हणलं व्हतं. तुमी मला भरमिष्ट म्हणलात. गावाम्होरं म्हणलात. आन दहा वर्सं कुणी परत घेतलं न्हाई. माझ्या लेकरानं हाक दिली आन मी ती खोटी ठरवायची?” तिचा आवाज चढला नव्हता, पण ओट्याखाली जमलेल्या चार बाया एकमेकींना धरून उभ्या होत्या. “ते परत घ्या.”

“घेतलं,” माणिकप्पा म्हणाले.

“हितं न्हाई. देवळाम्होरं. सगळ्यांना बोलवून.”

माणिकप्पांनी मान हलवली आणि काठी टेकत उठले. रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांनी टोपी घातली नाही.

सीडीचं विचारलं तेव्हा कमलम्मा म्हणाली, “माझा आवाज राहू दे. त्याचा न्हाई द्यायचा. पन वर माझं नाव छापा, आन मी काय म्हणते ते मराठीत छापा. नुसतं रडते म्हणून लोकांनी ऐकायचं न्हाई.”

सीडी तशीच निघाली. आतल्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तिचं नाव आणि दोन ओळींचा अर्थ. ती फारशी खपली नाही. ताहेरच्या दुकानात आलेला एक जुना चाहता तर भडकून म्हणाला, “काय राव, सगळी मजा घालवली. आता ते गाणं ऐकवतच न्हाई.”

“ऐकवेनासं व्हावं म्हणूनच छापलंय,” ताहेर म्हणाला, आणि त्याच्या हातातली सीडी काढून घेऊन परत फळीवर ठेवली.

देवळापुढची बैठक आषाढात झाली. कमलम्मा नवं लुगडं नेसून गेली आणि पुरुषांच्या ओळीत, सगळ्यात पुढं बसली. माणिकप्पा उभे राहिले, ‘भरमिष्ट’ हा शब्द परत घेतो म्हणाले, आणि बसले. त्याच संध्याकाळी पार्वतीच्या लेकीनं कमलम्माच्या घरी येऊन, दोन्ही पोरांना तिच्या पायावर घालून, धाकट्याच्या होऊन गेलेल्या बारशाचं राहिलेलं आमंत्रण दिलं.